पडवीच्या कोपऱ्यात गोल वळणाची पुस्तकांची मांडणी घरीच करायची आहे, लाकूड कोणतं आणि वाक कसा द्यायचा?

सुरंगी

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचं जुनं घर आहे, चिऱ्याचं आणि कौलारू. पडवीची एक बाजू आम्ही बंद करून घेतली आणि तिथे पुस्तकांसाठी मांडणी करायची ठरवलंय. अडचण अशी की माजघरात जायचा रस्ता अगदी त्याच कोपऱ्यावरून जातो, चौकोनी मांडणी ठेवली तर तिचं टोक येता-जाता कमरेला लागणार, त्यात सासूबाईंना दिसायला कमी आहे, म्हणून रस्त्याकडची बाजू मला गोल वळवून मागच्या भिंतीला मिळवायची आहे.

मापं सांगते. लांबी ५ फूट, उंची ६ फूट, खोली १ फूट आणि गोलाईची त्रिज्या पण १ फूट, म्हणजे बरोबर पाव वर्तुळ. फळ्या पाच. माझ्याकडे जिगसॉ, हातातली सर्क्युलर सॉ, ड्रिल आणि रंधा आहे. सरळ शेल्फं, एक दिवाण आणि मुलाचं टेबल एवढं मी स्वतः केलेलं आहे पण लाकूड वाकवायचं काम पहिल्यांदाच करतेय. माळ्यावर फणसाच्या जुन्या फळ्या आहेत, सव्वा इंची. त्या वापरता आल्या तर फार बरं वाटेल कारण ते झाड परसातलंच होतं.

युट्यूबवर बघितलं तर कुणी वाफेवर लाकूड वाकवतंय, कुणी मागून करवतीने चिरा पाडतंय, कुणी पातळ थर चिकटवतंय. आपल्याकडच्या पावसात यातलं काय टिकतं ते इथल्याच माणसांकडून ऐकायचंय.

रंधा_आणि_पटाशी

छान प्रोजेक्ट आहे ताई. सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी करून घेऊ म्हणजे पुढचा निम्मा गोंधळ जाईल. तुमच्या पाचही आडव्या फळ्यांना वाकवायची काहीच गरज नाही. फळी सपाटच राहणार, फक्त तिचं पुढचं टोक गोल कापायचं, ते जिगसॉने होतं. खिळा, दोरी, पेन्सिल घेऊन १ फुटाचा पाव गोल आधी पातळ प्लायवर आखा, तो कापून कानस आणि पॉलिश पेपरने एकदम नीट करा आणि मग त्याच फर्म्यावरून पाचही फळ्या आखा. फर्मा चांगला असेल तर फळ्या एकसारख्या येतात.

खरं वाकवायचं लाकूड दोनच ठिकाणी येतं. गोल बाजूला उभा पॅनल लावून ती बंद करणार असाल तर तो पॅनल, आणि फळीच्या कडेला पट्टी मारणार असाल तर ती पट्टी. मग पहिला प्रश्न तुम्हालाच, ती गोल बाजू बंद हवी की उघडी?

सुरंगी

वा, हे असं वेगळं करून बघितलंच नव्हतं. बाजू खालून २ फूट बंद हवी, कारण पडवीत मांजरं असतात आणि खालच्या कप्प्यात जुनी कागदपत्रं ठेवायची आहेत. वर उघडी चालेल, उलट उघडीच बरी, वारा खेळेल.

भूमितीचे_सर

खालचे दोनच फूट बंद करताय हे उत्तम, काम तिपटीने सोपं झालं. मी दापोलीचा, शाळेत गणित शिकवायचो आणि आता पूर्णवेळ हेच उद्योग करतो, त्यामुळे चिरा पाडण्याच्या पद्धतीचं गणित मांडून दाखवतो, बरेच जण अंदाजाने चिरा मारतात आणि मग पॅनल फाटतो.

समजा १८ मिमीचा प्लाय आहे. मागून १५ मिमी खोल चिरा मारल्या आणि पुढे ३ मिमीची कातडी ठेवली. पॅनल ९० अंशात वळवायचा म्हणजे आतली बाजू बाहेरच्या कातडीपेक्षा आखूड व्हायला हवी आणि ती किती आखूड व्हायला हवी तर १.५७ गुणिले चिरेची खोली, म्हणजे १५ × १.५७, साधारण साडेतेवीस मिमी. हे साडेतेवीस मिमी सगळ्या चिरा मिळून मिटल्या की ९० अंश पूर्ण होतात. तुमच्या पात्याची चीर २.४ मिमी रुंद असेल तर झाल्या दहा चिरा. गंमत अशी की यात त्रिज्या कुठेच आली नाही. त्रिज्या १ फूट असो की ६ इंच, चिरा तितक्याच, फक्त त्यांच्यातलं अंतर बदलतं.

आणि तिथेच तुमच्या मापाची अडचण येते. १ फूट त्रिज्येच्या पाव वर्तुळाची लांबी येते ४७० मिमीच्या आसपास, त्यात दहा चिरा म्हणजे दर ४७ मिमीला एक, मग बाहेरून गोल दिसणारच नाही, उभे उभे पैलू दिसतील आणि पॉलिश केल्यावर तर उजेडात जास्तच उठून दिसतील. उपाय म्हणजे पातळ पात्याने चिरा मारायच्या. १.२ मिमीची चीर पडेल असं पातं घेतलं तर वीस चिरा, दर साडेतेवीस मिमीला एक. दिसायला पुष्कळ बरं.

खाडीकाठ

सरांचं गणित अगदी बरोबर आहे पण मी आपल्या हवेत चिरा पाडलेला पॅनल सुचवणार नाही. ३ मिमीची कातडी म्हणजे प्लायचे वरचे एक-दोन पदरच उरतात, सगळा भार त्यांच्यावर. चिरांच्या आत प्लायचा कच्चा गाभा उघडा पडतो, तिथे पॉलिश पोचत नाही, ग्लू भरला तरी सगळीकडे सारखा बसत नाही, आणि जुलैत हवेतला दमटपणा ८५-९० टक्क्यांवर जातो तेव्हा ओल तिथूनच शिरते. पुण्यात एसी ऑफिसच्या रिसेप्शन काउंटरला ठीक आहे, तिथे वरून लॅमिनेट येतं. चिऱ्याच्या घराच्या पडवीत नको.

माझं मत थर चिकटवून, म्हणजे लॅमिनेशन.

आबा_मालवण

माझो बापूस होडयेचा काम करी. होडयेचो वाक कधी सरळ फळयेतसून कापूचो नाय, झाडाचीच वाकडी फांदी सोधूक रानात जायत. कित्या तर सरळ फळी गोल कापलास काय रेसो मधीच तुटता आनि जोर इलो काय थयसरच मोडता. तुमी फणसाच्या फळयेतसून गोल पट्टी कापशात तर तीच गत होतली. आडयो फळयो फणसाच्यो बिनधास्त करा, लाकूड बरां आसा. पन कडेचो पांढरो भाग सगळो काढून टाका, किडो थयसूनच शिरता. पिवळो गाभो तेवडो घेवा.

सुरंगी

आबा, हे सोन्यासारखं सांगितलंत. फळ्या बघितल्या, दोन फळ्यांना पांढरी कड आहे आणि त्यात बारीक भोकं पण आहेत, भुगा पडतोय. ती कड पूर्ण काढते. मग रुंदीला फळी कमी पडेल, दोन जोडून घ्याव्या लागतील.

वाफेबद्दल कुणी सांगेल का, फणस वाफेवर वाकतो का?

रंधा_आणि_पटाशी

वाफेचं तत्त्व असं की ओलं लाकूड १०० अंशाच्या आसपास तापलं की त्यातले तंतू धरून ठेवणारं लिग्निन मऊ पडतं. अशा अवस्थेत लाकूड दाबलं जाऊ शकतं पण ताणलं जात नाही, ताण एक-दोन टक्क्यांच्या वर गेला की बाहेरच्या अंगाने तडकलं. म्हणून बाहेरून लोखंडी पट्टा धरून वाकवायची युक्ती निघाली, पट्टा ताण घेतो आणि लाकूड नुसतं दाबलं जातं. मिखाएल थोनेटची १८५९ ची प्रसिद्ध खुर्ची बीचच्या काठ्या अशाच वाकवून बनली. मुंबईत इराण्याच्या हॉटेलात गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या बघितल्या असतील ना, ती त्याच घराण्यातली.

पण त्याला लागतं हिरवं किंवा नुसतं हवेवर सुकलेलं लाकूड, २० ते २५ टक्के ओल असलेलं, सरळ रेशाचं आणि बिनगाठीचं. जाडीच्या दर इंचाला साधारण तासभर वाफ. बाहेर काढलं की मिनिटभरात साच्यावर बसवायचं, म्हणजे दोन-तीन जाणती माणसं हाताशी हवीत. माळ्यावर वर्षानुवर्षं पडून खडखडीत वाळलेला फणस, त्याचे रेशे पण एकमेकांत गुंतलेले असतात, तो वाकायच्या आधी फुटेल. ६०० मिमी रुंदीचा पॅनल वाफेवर वाकवायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका, ते काम काठ्यांचं आणि पट्ट्यांचं आहे.

आता लॅमिनेशन, सविस्तर लिहितो कारण तुम्ही हेच करणार असं दिसतंय.

३ मिमीचा प्लाय घ्या, सहा थर, म्हणजे १८ मिमी. पॅनल उभा ६०० मिमी आणि वळणावर ४७० मिमी लागेल, तर प्रत्येक थर कडेला थोडी सूट ठेवून ६५० × ५५० कापा. एक गोष्ट विसरायची नाही, प्लायच्या वरच्या पदराची रेघ उभी ठेवायची, म्हणजे वाकण्याच्या अक्षाला समांतर. तसा तो सहज वाकतो. आडवी ठेवलीत तर तोच प्लाय हट्टाने सरळ राहतो आणि जोर केला की कडकड आवाज येतो. दुकानात फ्लेक्सी प्लाय मिळाला तर आणखी सोपं, पण तो घेताना कोणत्या दिशेला वाकतो ते हाताने वाकवून बघूनच घ्या.

वाकवायचा साचा जुन्या १८ मिमी प्लायचा. पाव गोलाच्या सात-आठ फाशा, म्हणजे एकसारखे तुकडे, कापायच्या, त्या मधे रिपा घालून ६५० मिमी उंचीत उभ्या करायच्या आणि वरून ३ मिमीचा एक प्लाय खिळ्यांनी मारायचा म्हणजे गुळगुळीत पाठ तयार. त्या पाठीवर पूर्ण पॅकिंगची टेप लावा, नाहीतर पॅनल साच्यालाच चिकटून बसेल.

साचा बरोबर ९० अंशाचा करू नका. साच्यातून काढलं की पॅनल थोडा उघडतो. थर जितके जास्त तितका तो कमी उघडतो, ढोबळ हिशोब असा की जितके थर त्याच्या वर्गाने भागायचं. तीन थर असतील तर नववा हिस्सा, सहा असतील तर छत्तिसावा. ९० अंशाचा छत्तिसावा हिस्सा म्हणजे अडीच अंश, तर साचा साडेब्याण्णव-त्र्याण्णव अंशांचा करा.

ग्लू लावायच्या आधी सगळे थर कोरडेच साच्यावर आवळून बघा. कुठे फट राहते, किती शिकंजे (क्लॅम्प) लागतात, कोण कुठे उभं राहणार ते तेव्हाच कळतं. मग ग्लू. दोन्ही अंगांना पातळ लावायचा, दाते असलेल्या पत्र्याने ओढला की सारखा बसतो. मधल्या रेषेपासून आवळत बाहेर जायचं, दोन्ही टोकांकडून मधे आलात तर मधे फुगा धरतो. मे महिन्यात ग्लू दहा मिनिटांतच साय धरतो त्यामुळे पहाटे किंवा संध्याकाळी काम करा.

नारळीपोफळी

शिकंज्यांबद्दल थोडं. एवढे सी क्लॅम्प कुणाकडे नसतात. पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणा, तिच्या दोन इंच रुंद लांब पट्ट्या कापा आणि पॅनलवर ताणून ताणून गुंडाळत जा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी यायला हवी. रबराचा दाब सगळीकडे सारखा पडतो, आणि गोल वस्तूवर तर लोखंडी क्लॅम्पपेक्षा तो जास्त चांगला पडतो. दोन्ही सरळ कडांना तेवढी एकेक जाड रीप ठेवून क्लॅम्प लावा. आमच्याकडे बैठकीतला गोल आरसा-स्टँड असाच केलाय, त्याचा एकही थर सुटलेला नाही.

सुरंगी

ट्यूबची कल्पना फारच आवडली. ग्लू कोणता घेऊ? घरी फेविकॉल एसएचचा डबा आहे. आणि प्लाय कुठला? दुकानदार एमआर, बीडब्ल्यूआर, मरीन अशी नावं घेतो आणि भाव दुपटीने वाढवत जातो.

खाडीकाठ

एसएच कोरड्या खोलीतल्या कामाला ठीक, तुमच्या कामाला नको. पाणी-रोधक ग्लू घ्या, फेविकॉल मरीन किंवा त्या प्रकारचा दुसऱ्या कंपनीचा, किंवा दोन भागांचं इपॉक्सी. वाकवलेला पॅनल आतून कायम ताणात असतो, सरळ पॅनलमधे ग्लू थोडा मऊ पडला तरी चालून जातं, इथे लगेच थर सरकतात. साच्यात २४ तास, पावसाळी हवेत ४८ तास ठेवा.

प्लायचं म्हणाल तर एमआर म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याच्या चाचणीला टिकणारा, आणि मरीनचा आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का वेगळाच. एमआर आणि बीडब्ल्यूआर दोन्ही आयएस ३०३ मधे येतात, म्हणून नुसतं ३०३ बघून घेऊ नका, पुढची अक्षरं वाचा. पडवीत थेट पाणी लागणार नसेल तर बीडब्ल्यूआर पुरतो. जमिनीला लागणारी खालची फळी मात्र मी मरीनची करेन. आणि कुणीही कितीही स्वस्त दिलं तरी एमडीएफ नको, आपल्याकडे दोन पावसाळ्यात तो कडेने फुगून वर येतो आणि स्क्रू धरत नाही.

भूमितीचे_सर

फळ्यांच्या झोलाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ५ फूट सलग फळी पुस्तकांसाठी ठेवू नका. मीटरभर पुस्तकांचं वजन २५-३० किलो सहज भरतं. आणि तेवढ्याच दाटीने पुस्तकं भरली असता फळीचा आधार दुप्पट अंतरावर नेला की झोल सोळापट होतो, दुप्पट नाही. जाडी दुप्पट केली तर तो आठपट कमी होतो. मधे एक उभी फळी घाला, म्हणजे अडीच-अडीच फुटांचे दोन कप्पे. सव्वा इंची फणस अडीच फुटांवर दगडासारखा राहील.

गोल टोक मात्र अधांतरी सुटेल, तिथे वरच्या उघड्या भागात पुस्तकं नको, कुंडी-बिंडी ठेवा.

चिरेबंदी

भिंतीचं काय ठरवलंय? मी चिऱ्याच्या घरांची डागडुजी करतो म्हणून विचारतो, कारण शेल्फ उत्तम झालं आणि भिंतीतून निघून आलं असं बरेचदा बघतो.

जांभा आतून भोकाभोकांचा असतो. हॅमर मोडवर ड्रिल मारलंत की भोकाची कड भुगा होऊन सैल पडते आणि साधा प्लास्टिक गट्टू त्यात नुसता फिरत राहतो. हॅमर बंद करून हळू फिरवा, चिऱ्याच्या मधोमध भोक घ्या, सांध्यात नको, सांध्यातला जुना चुना लगेच निघतो. भोक खोल घ्या, ३ इंच तरी, गिलावा त्यातच गेला तर चिऱ्यात काय उरणार. भुगा फुंकून पूर्ण काढून जाळीची नळी घालून केमिकल अँकर, म्हणजे घट्ट होणारा रासायनिक लगदा, भरला की तो भोकांत शिरून घट्ट धरतो.

पण तुमची मांडणी ६ फूट उंच आणि जमिनीवर उभी आहे, तर सगळं वजन जमिनीलाच द्या, भिंतीला फक्त वरून दोन ठिकाणी बांधा म्हणजे पुढे कलंडणार नाही. पाठ भिंतीपासून इंचभर सुटी ठेवा. पडवीची भिंत पावसात पाझरतेच, टेकवून ठेवलंत तर पाठीमागे बुरशी येईल आणि ती दिसायचीही नाही. खाली लाकूड थेट कोब्यावर नको, दगडाचे किंवा पीव्हीसीचे अर्ध्या इंचाचे ठोकळे द्या.

स्क्रू पितळेचे नाहीतर स्टेनलेसचे. समुद्र जवळ असेल तर ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवर पण तपकिरी डाग येतात, ३१६ मधे मॉलिब्डेनम असल्याने तो जास्त टिकतो. वेंगुर्ल्याला ३१६ मिळेल की नाही बघा, नाहीतर पितळ घ्या आणि आधी पायलट भोक पाडा, फणसात पितळेचा स्क्रू जोर केला तर मान मोडून घेतो.

सुरंगी

भिंतीपासून सुटी ठेवायची हे एकदम पटलं. मग पाव गोलाचं मागचं टोक भिंतीला न मिळता इंचभर आधी थांबेल, चालेल मला, मांजर तिथून जात नाही.

शेवटचे दोन प्रश्न. पॉलिश काय? आणि हे सगळं आता ऑगस्टमधे करू का दिवाळीनंतर?

पंचम_पॉलिश

पॉलिश पावसात अजिबात नको. लाखेचं पॉलिश आणि मेलामाइन, दोन्ही दमट हवेत मारलं की वर पांढुरकी साय येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले दिवस, ऊन वर आल्यावर काम करायचं. टिकाऊपणा हवा असेल तर पीयू (पॉलीयुरेथेन), आणि तो फळीच्या सहाही बाजूंना मारा, खालून मागून सगळीकडे. एका बाजूला पॉलिश आणि दुसरी कोरी असली की कोरी बाजू ओल पिते आणि फळी वाकते.

फळ्यांच्या मागच्या आणि खालच्या न दिसणाऱ्या अंगाला आमच्या आजोबांच्या घरात काजूच्या टरफलाचं तेल लावलेलं होतं, होड्यांना लावतात तेच. कीड जवळ येत नाही. पण रंग काळपट येतो आणि कातडीला लागलं तर बिब्ब्यासारखं उततं, हातमोजे घालूनच लावा, आणि कागदपत्रांच्या कप्प्यात आतून नको, वास राहतो आणि कागदाला डाग पडतील.

रंधा_आणि_पटाशी

वेळेबद्दल. दमट हवेत लाकडाची ओल १७-१८ टक्क्यांपर्यंत चढते, मार्चात तीच ११-१२ वर येते. ऑगस्टमधे फणसाची रुंद फळी जोडून एकदम बरोबर मापात बसवलीत तर उन्हाळ्यात ती आकसेल आणि सांधा उघडेल. म्हणून आत्ता फर्मा, साचा, आखणी आणि प्लायची कापाकापी एवढं करून ठेवा. फणसाच्या फळ्या माळ्यावरून खाली आणून मधे रिपा घालून सावलीत हवेशीर रचा. त्यांची जोडणी आणि पॉलिश दिवाळीनंतर. पॅनल प्लायचा आहे, प्लाय रुंदीला फारसा हलत नाही, तो उघडीप बघून केव्हाही चिकटवता येईल, फक्त मरीन ग्लूला ४८ तास द्या.

फणसाच्या फळ्या उभ्या फळीत बसवताना सगळीकडे ग्लू लावून जाम करू नका. पुढच्या कडेला ग्लू, मागच्या कडेचा स्क्रू लांबट भोकात, म्हणजे रुंदीत दोन-तीन मिमी हलायला जागा राहील.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुठेच मिळालं नसतं. ठरलं ते असं: आडव्या आणि उभ्या फळ्या फणसाच्या गाभ्याच्या, खालची फळी मरीन प्लायची, गोल पॅनल ३ मिमीच्या सहा थरांचा, साचा त्र्याण्णव अंशांचा, आवळायला ट्रकची ट्यूब. भिंतीपासून इंचभर लांब, वरून दोन केमिकल अँकर. एकच राहिलं, मरीन प्लायच्या गोल कडेला पदर दिसतात ते कसे झाकू? फणसाची पट्टी वाकेल का?

नारळीपोफळी

वाकेल की. फणसाच्याच सरळ रेशाच्या तुकड्यातून दीड मिमीच्या पट्ट्या चिरून घ्या, वखारीत चिरून देतात. दोन पट्ट्या एकावर एक, मधे आणि मागे मरीन ग्लू, आणि फळीच्या कडेला ट्यूबने गुंडाळा. १ फूट त्रिज्येला दीड मिमीचा फणस कोरडाच वाकायला हवा, कुरकुरला तर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं पाच मिनिटं गुंडाळून ठेवा, साच्यावर नुसतीच बांधून रात्रभर वाळू द्या आणि मग ग्लू लावा, ओल्यावर लावू नका. पट्टी फळीच्या जाडीपेक्षा दोन मिमी रुंद घ्या, ग्लू वाळला की रंध्याने वरखाली सारखी करता येते.